अकरा क्लबांचा जावई

बायोडेटा होता दोन पानांचा, आणि चंद्रशेखरभाऊजी गेली चाळीस मिनिटं पहिल्याच पानावर बसले होते.

अरुणा स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. भाऊजींनी चष्मा कपाळावर नेला, परत नाकावर आणला, खिशातलं लाल पेन काढलं, टोपण उघडलं आणि काहीही न लिहिता बंद केलं. हे तिसऱ्यांदा झालं. अहो, लिहा ना एकदाचं काय लिहायचंय ते, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सबनिसांच्या घरात भाऊजींना असं कुणी म्हणत नाही. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, तिनं कधी म्हटलं नव्हतं. तिच्या नवऱ्याला तर जन्मून अडुसष्ट वर्षं झाली, त्यानंही नाही.

भाऊजी पुण्यातल्या एका बँकेत छत्तीस वर्षं माणसांच्या नेमणुका आणि बदल्या बघत होते. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली तरी हात थांबला नव्हता. सबनिसांच्या घरात लग्न ठरायचं म्हणजे आधी बायोडेटा, मग त्याच्यावर भाऊजींचा लाल शाईतला शेरा, आणि मग जमलं तर मुलगा-मुलगी. पुण्याच्या घरी लोखंडी कपाटात त्या सगळ्यांची फाइल होती. अरुणाचाही बायोडेटा त्यात होता. त्यावरचा शेरा श्रीनिवासनं लग्नानंतर आठव्या दिवशी, मोठ्या प्रेमात येऊन तिला सांगितला होता: 'मुलगी बरी. बोलते जास्त.' प्रेमात आलेल्या माणसानं काय सांगावं आणि काय नाही, याचं भान त्या माणसाला तेव्हाही नव्हतं.

"अरुणा," भाऊजींनी हाक मारली. "हा मुलगा त्रेचाळीस वर्षांचा आहे."

"हो भाऊजी. आपली प्रणिताही सदतीसची आहे."

"मला प्रणिताचं वय माहीत आहे. मुद्दा तो नाही. सोळा वर्षांत अकरा नोकऱ्या!"

"काका, क्लब आहेत ते," सोफ्यावरून प्रणिता म्हणाली. तिचं एक पाऊल मघापासून जमिनीवर ताल धरून होतं. "फुटबॉलमध्ये असंच असतं. स्ट्रायकर होता तो. गोल करायचा."

"पगार देत होते?"

"देत होते."

"मग नोकरी."

श्रीनिवास शब्दकोड्याच्या मागे बसला होता. अरुणानं त्याच्याकडे बघितलं. त्यानं पेपर अजून थोडा वर धरला. काल रात्री याच माणसानं छातीवर हात मारून सांगितलं होतं, "अरुणा, उद्या मी दादाला स्पष्ट सांगणार." आता उद्या उजाडून दुपारचे बारा वाजले होते आणि ह्याचं स्पष्ट उभ्या शब्दांत अडकलं होतं.

गेल्या रविवारी प्रणितानं आवाज न चढवता सांगितलं होतं, "आई, काका हो म्हणाले तर आम्ही इथंच राहू. मार्टेनची मुलांना फुटबॉल शिकवायची अकादमी इथं चांगली चाललीय. काका नाही म्हणाले आणि तुम्ही नेहमीसारखे गप्प बसलात, तर त्याला हॉलंडमधून, त्याच्या ग्रोनिंगेनहून बोलावणं आहे. आम्ही दोघं जाऊ. मी आत्याचं आयुष्य जगणार नाही. वीस मिनिटांवर राहून परकं व्हायचं, त्यापेक्षा विमानानं तेरा तासांवर गेलेलं बरं."

आत्या म्हणजे नंदा. या दोघा भावांची धाकटी बहीण. सिंगापुरातल्या पासिर रिसच्या या फ्लॅटपासून टॅक्सीनं वीस मिनिटांवर, हौगांगला राहते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिनं इथल्याच एका गणिताच्या शिक्षकांशी, लिम सरांशी लग्न केलं. भाऊजी त्या लग्नाला पुण्याहून आले होते, हे विशेष. शेरा न मारताच आले होते. दहा कोर्सचं जेवण होतं, मोठं लाल टेबल. तिसऱ्या कोर्सला सूप आलं. भाऊजींनी वाटीत बघितलं, ताडकन उठले, आणि "मला मासा वाढता?" एवढंच बोलून निघून गेले. दुसऱ्या दिवशी विमान पकडलं. त्यानंतर भाऊजी पाच वेळा सिंगापूरला येऊन गेले, पण नंदाचं तोंड पाहिलं नाही. ते इथं असताना घरात हौगांग हा शब्दही कुणी उच्चारत नसे. 'तिकडे' म्हणत. ते आलेले असले की अरुणा गुरुवारी 'तिकडे' भाजी आणायला जायची आणि तीन तासांनी कोथिंबिरीची एक जुडी घेऊन परत यायची.

आणि ते सूप मशरूमचं होतं! नंदानं भावासाठी मुद्दाम वेगळा शाकाहारी स्वयंपाक सांगितला होता. श्रीनिवासनं ते दोन वाट्या प्यायलं होतं, अरुणानं दीड, आणि नऊ वर्षांच्या प्रणितानं वाटी चाटली होती. हे भाऊजींना कुणी सांगितलं नाही. पहिल्या वर्षी ते रागात होते म्हणून. दुसऱ्या वर्षी राग निवत आलाय, कशाला उकरा म्हणून. नंदानं पत्र लिहिलं ते न फोडता परत आलं, मग तीही हट्टाला पेटली. दहा वर्षं उलटल्यावर आता कुठल्या तोंडानं सांगायचं, असं झालं. वीस वर्षं झाल्यावर तर सगळ्यांना त्याची सवयच झाली. शहाण्यासुरत्या, शिकल्यासवरल्या माणसांचं घर हो हे!

दाराची बेल वाजली. "आय गेट, आय गेट!" करत अदिती धावली. अदिती ही अरुणाची नात, तिच्या मुलाची, सारंगची मुलगी, सोळा वर्षांची. सारंग आणि सूनबाईंना आजच नेमकं ऑफिसचं काम निघालं होतं. भाऊजी आले की त्यांना दर रविवारी काम निघतं. पोरगी मात्र क्वीन्सटाउनहून एकटी एमआरटी मेट्रोनं आली होती, कारण हे सगळं तिच्यामुळेच जमलेलं होतं. ती मार्टेनच्या अकादमीत खेळायची, आणि तिला सोडायला-आणायला प्रणिताआत्या जायची. नंतर नंतर आत्या तिला सोडायला जायची आणि आणायला विसरायची.

मार्टेन हुक्सेमा आत आला आणि त्याचं डोकं दारावरच्या तोरणाला लागलं. सहा फूट पाच इंच माणूस. तोरणातला एक झेंडू त्याच्या केसांत अडकला तो शेवटपर्यंत तिथंच राहिला, सांगायचं धाडस कुणालाच झालं नाही.

"नमस्कार. मी मार्टेन," तो पाठ केलेलं मराठी म्हणाला, आणि भाऊजींच्या पाया पडायला खाली वाकला.

वाकला तो वाकलाच.

"आयुष्मान भव," भाऊजी म्हणाले. थोडं थांबले. "उठा आता."

"मला उठता येत नाही," मार्टेन जमिनीकडे बघत इंग्रजीत म्हणाला. "गुडघा अडकला. डावा. तीन ऑपरेशनं झालीत. माफ करा."

मग काय, श्रीनिवासनं एक बखोट धरलं, अदितीनं दुसरं, आणि भाऊजींनी बसल्या जागेवरून त्याचा शर्ट वर ओढला. प्रणितानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. एकदाचा तो उभा राहिला आणि "थँक यू, टीम," म्हणाला. पहिल्या भेटीतच जावयाला क्रेन लागावी, हे अरुणाच्या कुठल्याच तयारीत बसलेलं नव्हतं.

भाऊजींनी त्याला समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि बायोडेटा मांडीवर घेतला. आता ते इंग्रजीत बोलू लागले. बँकेचं इंग्रजी, एकेक शब्द इस्त्री करून ठेवलेला.

"दुसऱ्या आणि चौथ्या क्रमांकापुढे लिहिलंय, तात्पुरते पाठवले. म्हणजे?"

"मी पहिल्या क्लबचाच माणूस होतो," मार्टेन म्हणाला. "पण त्यांनी मला सहा सहा महिने खालच्या क्लबांकडे खेळायला पाठवलं."

"डेप्युटेशन!" भाऊजींचा चेहरा अचानक उजळला. "मी दोनदा गेलोय. एकदा नांदेडला, एकदा त्याच्याही पुढे. पण मिस्टर हुक्सेमा, मी त्या खात्यात होतो. मूळ शाखेला जो माणूस नको असतो, त्यालाच डेप्युटेशनवर काढतात."

प्रणिता उठायला लागली. अरुणानं डोळ्यांनी तिला खाली बसवलं.

"बरोबर आहे," मार्टेन शांतपणे म्हणाला. "मी त्यांना नको होतो."

भाऊजींनी मान वर केली. छत्तीस वर्षांत त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर बसून हे कुणी कबूल केलं नव्हतं. जो तो प्रकृतीचं नाहीतर आईच्या आजारपणाचं कारण सांगायचा.

"सातवी नोकरी. डेन्मार्क. फक्त चार महिने. का सोडली?"

"थंडी फार होती. आणि प्रशिक्षकाला मी म्हटलं, तुम्हाला फुटबॉल कळत नाही."

"हे तुम्ही वरिष्ठांना तोंडावर सांगितलंत?"

"त्याला खरंच कळत नव्हतं."

पेपरामागून श्रीनिवासला ठसका लागला. अरुणा पाणी घेऊन गेली आणि परत न जाता तिथंच उभी राहिली. अळूची भाजी लागली तर लागो.

"एकूण सामने दोनशे बारा," भाऊजी वाचत होते. "त्यातले एकशे सत्तर... हे काय, एकशे सत्तर सामन्यांत तुम्ही पहिली ऐंशी मिनिटं बाकावर?"

"हो. मी शेवटी यायचो. दहा मिनिटं राहिली की."

"म्हणजे लीव्ह व्हेकन्सी! दुसरा कुणी दमला, पडला, की तुम्ही." भाऊजींनी डोकं हलवलं. "ऐंशी मिनिटं नुसतं बसून करत काय होता?"

"बघत होतो," मार्टेन म्हणाला, आणि पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकला. "बाकावरून सगळं दिसतं. कोण दमलंय, कोण दमलं नसल्याचं सोंग करतंय, कोण कुणाला पास द्यायचं टाळतंय. शेवटच्या दहा मिनिटांत सगळे थकलेले असतात. तेव्हा कुणीतरी ताज्या पायांनी आत जाऊन साधी गोष्ट करावी लागते. बाकीच्यांना ती सुचत नाही. माझे एकूण एकसष्ट गोल आहेत. त्यातले अडतीस शेवटच्या दहा मिनिटांतले."

"सोळा वर्षांत एकसष्ट. वर्षाला चार," भाऊजींनी तोंडी हिशेब केला. "आमचा शिपाईसुद्धा वर्षाला चारपेक्षा जास्त कामं करायचा."

"काका!"

"अगं, बोलू दे त्यांना," मार्टेन हसत म्हणाला. "बरोबरच आहे. मी फार ग्रेट नव्हतो."

अदितीला राहवेना. आपल्या कोचचा असा कचरा होताना बघून ती फोन घेऊन भाऊजींच्या शेजारी येऊन बसली. "चंदूआजोबा, तुम्ही गोल बघा ना! सो नाइस, वन! वेट, मी दाखवते." तिनं घाईघाईत नाव टाइप केलं आणि जे सगळ्यात वर आलं ते लावलं. बेचाळीस लाख लोकांनी बघितलेलं. भाऊजींनी फोन नाकाशी धरला. त्यात एक तरुण, केसाळ मार्टेन रिकाम्या गोलपुढे उभा होता, पायाशी चेंडू, मधे काळं कुत्रं नाही. त्यानं पाय उचलला आणि चेंडू थेट खांबावर मारला. मग तोच चेंडू परत येऊन त्याच्या तोंडावर आदळला.

"अलामाक!" अदिती पुटपुटली. "राँग व्हिडिओ."

भाऊजींनी तो परत लावला. मग अजून एकदा.

"दोन मीटर," ते म्हणाले. "रिकामा गोल. काय झालं होतं?"

"जेवणाचा विचार करत होतो," मार्टेन म्हणाला.

आणि इथं, आयाबायांनो, चंद्रशेखर सबनीस हसले. खोकल्यासारखं एक हसू, पण हसूच. अरुणानं प्रणिताकडे बघितलं, प्रणितानं आईकडे. श्रीनिवासनं पेपर खाली ठेवला, हवा बघून पक्ष बदलायची त्याची जुनी सवय. "दादा, मला तर मुलगा पहिल्यापासूनच आवडलाय," तो म्हणाला. पहिल्यापासून म्हणजे सव्वा मिनिट झालं असेल.

"चला, पानं घेते," अरुणा म्हणाली. भाऊजी हसले म्हणजे आता शेरा चांगला मारणार, जेवण झालं की पेन उघडणार, प्रणिता इथंच राहणार. तिनं मसालेभातावर खोबरं जास्तच पेरलं.

पानं वाढली. मसालेभात, अळूची भाजी, काकडीची कोशिंबीर, आणि परवा टेक्का मार्केटहून दही आणून रात्रभर टांगलेल्या चक्क्याचं श्रीखंड. मार्टेन मुकाट्यानं, भरभर जेवत होता.

"अळू कसं झालंय?" तिनं विचारलं. हा प्रश्न विचारायचा असतो आणि त्याचं उत्तर ठरलेलं असतं.

मार्टेननं विचार केला. "मीठ कमी आहे," तो म्हणाला.

प्रणितानं टेबलाखालून त्याला लाथ मारली असावी, कारण तो म्हणाला, "तो वाईट गुडघा आहे." अरुणानं चमचाभर भाजी तोंडात टाकली. मीठ कमी नव्हतं, मीठ मुळीच नव्हतं. मुलाखतीच्या नादात घालायचंच राहिलं होतं. आणि श्रीनिवास? श्रीनिवास दुसऱ्यांदा भाजी घेऊन वर "छान झालीय" म्हणून बसला होता! एकेचाळीस वर्षं तिला हा असाच छान झालीय म्हणत होता. यातल्या किती वेळा छान झाली होती, कोण जाणे.

"आणते मीठ," ती म्हणाली. तिला राग यायला हवा होता, पण का कोण जाणे, हलकं वाटलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण श्रीखंडाची वाटी पुढे आली आणि भाऊजींनी ती बाजूला सारून घसा साफ केला. अरुणाचा चमचा हवेत राहिला. हा घसा ती ओळखत होती.

"मुलगा सरळ आहे," भाऊजी मराठीत सुरू झाले, मग मार्टेनकडे बघून इंग्रजीत वळले. "तुम्ही सरळ आहात, मिस्टर हुक्सेमा. खोटं बोलत नाही. पण मी या घरातला मोठा आहे, मला पुढचं बघावं लागतं. या घरातल्या एका मुलीनं आधी बाहेर लग्न केलं. काय झालं? तिच्या लग्नात, भर पंगतीत, मला सख्ख्या भावाला माशाचं सूप वाढलं. आमचं काय आहे, काय नाही, याची त्या लोकांना फिकीर नव्हती. माणूस वाईट नसतो, पण आपलं घर त्याला कळत नाही. त्यामुळे माझं मत असं, की..."

प्रणिताचा चेहरा उतरला. ती खुर्ची मागे सारत होती, आणि आता ही उठली की कुठं जाणार, हे अरुणाला लख्ख दिसलं: विमानतळ, दोन मोठ्या बॅगा, आणि मग दर रविवारी फोनच्या चौकोनात एक थंडीनं लाल झालेलं नाक. बोल, अरुणा, ती स्वतःला म्हणाली. बोल ना. तिनं श्रीनिवासकडे बघितलं. श्रीनिवास श्रीखंडात वेलची शोधत होता.

"पण ते मशरूमचं होतं," मार्टेन म्हणाला.

भाऊजींचं वाक्य 'की'वरच अडकलं.

"काय म्हणालात?"

"ते सूप. मशरूमचं होतं. नंदाआत्यांनी तुमच्यासाठी सगळं शाकाहारी सांगितलं होतं." त्यानं टेबलाभोवती बघितलं, त्या बाकावरच्या माणसाच्या नजरेनं. "तुम्हाला माहीत नाही? इथं सगळ्यांना माहीत आहे."

भाऊजींनी हळूहळू मान वळवली. "श्रीनिवास?"

"दादा, म्हणजे... हो. मी दोन वाट्या प्यायलो होतो."

"अरुणा?"

"दीड," अरुणा म्हणाली.

"प्रणिता, तू तर नऊ वर्षांची होतीस."

"मी वाटी चाटली, काका."

भाऊजींची नजर अदितीवर गेली. ती तर तेव्हा जन्मालाही आलेली नव्हती. "एव्हरीबडी नोज ला, आजोबा," ती खाली बघत म्हणाली. "आमच्या घरी तर त्याला चंदूआजोबा सूप म्हणतात."

हे नको होतं. अरुणानं डोळे मिटले. आता तो मोठा आवाज येणार, खुर्ची पडणार, पुण्याचं तिकीट. पण आवाज आला तो अगदी बारीक.

"अठ्ठावीस वर्षं," भाऊजी म्हणाले. "आणि एकानंही सांगितलं नाही? का?"

आता बोलायला हवं होतं आणि या वेळी अरुणा श्रीनिवासकडे बघायला थांबली नाही. तिनं मिठाची वाटी हातात घट्ट धरली.

"मी सांगते का ते. भाऊजी, माझ्या बायोडेटावर तुम्ही लिहिलं होतं, बोलते जास्त. आठव्या दिवशी मला ते कळलं. तेव्हापासून तुमच्यासमोर मी मोजून बोलते. तुम्ही लाल पेन घेऊन बसता आणि आम्ही सगळे परीक्षेला बसल्यासारखे बसतो. परीक्षकाला कोण सांगणार हो, की तुमचंच चुकलं म्हणून? आमचंही चुकलं. भित्रेपणा केला आम्ही. पण नंदा वीस मिनिटांवर आहे, तुम्ही पाच वेळा येऊन गेलात, आणि मी तिला गुरुवारी चोरून भेटते, या वयात, कोथिंबिरीच्या नावाखाली! आज तुम्ही नाही म्हणालात तर माझी मुलगीही तशीच जाईल. आणि मला ते सोसायचं नाही. झालं माझं."

एवढं बोलून तिनं घाबरून चमचाभर मीठ श्रीनिवासच्या श्रीखंडात टाकलं. कुणी तिला सांगितलं नाही.

भाऊजींनी बाजूला सारलेली वाटी परत पुढे ओढली. मग मार्टेनला म्हणाले, "मी तुम्हाला नकार देत होतो. अजून पूर्ण दिलाही नव्हता. गप्प राहिला असतात तर कदाचित मी बदललोही असतो. तुम्ही हे का बोललात?"

"सगळे दमले होते," मार्टेन म्हणाला. "आणि शेवटची दहा मिनिटं आहेत."

"कसली शेवटची दहा मिनिटं?"

"तुम्ही अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहात," मार्टेन अगदी आदरानं म्हणाला.

"मार्टेन!" प्रणिता किंचाळली. श्रीनिवासच्या हातातून चमचा पडला. अरुणाला वाटलं, संपलं. या माणसाला रिकाम्या गोलपुढे उभं केलं तरी हा खांबावरच मारणार.

भाऊजी उठले. बायोडेटा उचलला, दुसरं पान काढलं, उभ्याउभ्याच खाली काहीतरी लिहिलं आणि कागद वाटीखाली उलटा ठेवला. मग दाराकडे गेले आणि चपला शोधू लागले.

"दादा, कुठं निघालास?" श्रीनिवास मागे धावला. "तिकीट मंगळवारचं आहे."

"हौगांगला," भाऊजी म्हणाले. अठ्ठावीस वर्षांनी तो शब्द त्यांच्या तोंडून मोठ्यानं निघाला. "तू येऊ नकोस. तू दोन वाट्या प्यायलेला माणूस आहेस, तुझा काय भरवसा? मिस्टर हुक्सेमा, चला. मला घर माहीत नाही, आणि तुम्हाला बहुतेक आहे."

"मागच्याच शनिवारी जेवायला होतो," मार्टेन म्हणाला, आणि एका पायावर लंगडत, डोक्यात झेंडू घेऊन त्यांच्यामागे लिफ्टकडे गेला. लिफ्टचं दार बंद होताना भाऊजींचा आवाज ऐकू आला, "पण दोन मीटर म्हणजे फारच जवळ होतं हो."

प्रणिता खुर्चीतच बसून होती. अदितीनं पसारा झालेल्या त्या टेबलावरून हात लांब करून वाटी उचलली आणि कागद उलटा केला. "आय कान्ट रीड धिस हँडरायटिंग, आजी. तू वाच."

अरुणानं चष्मा लावला. लाल शाई थोडी फुटली होती, पण अक्षर तेच, फाइलीतलं.

'अकरा नोकऱ्या. बारावी कायम करावी.'

आणि त्याच्याखाली, बारीक अक्षरात, मागाहून सुचल्यासारखी एक ओळ होती: 'मुलीच्या आईनं बोलणं वाढवावं. जुना शेरा रद्द.'

अरुणानं तो कागद दोनदा वाचला. मग मुलीला मिठी मारली आणि दोघी मायलेकी चांगलं हुंदके देऊन रडल्या, आणि श्रीनिवास शेजारी उभा राहून आलटून पालटून दोघींच्या पाठीवर थोपटत "मी म्हटलं नव्हतं? मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणत राहिला. तो काहीच म्हणाला नव्हता. मग त्यानं समाधानानं श्रीखंडाचा घास घेतला, तोंड वाकडं केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोला म्हणाला, "अरुणा, हे खारट झालंय."

"सुधारलात!" अरुणा नाक पुसत म्हणाली.

अर्ध्या तासानं तिचा फोन वाजला. नंदा होती. मागे भांड्यांचा आवाज, लिम सरांची पळापळ, आणि मार्टेनचं "सावकाश, सावकाश."

"वहिनी!" नंदाचा आवाज फाटला होता. "अगं, दारात दादा उभाय. म्हातारा झालाय गं. बसायला सांगितलं तर थेट जेवायच्या टेबलाशीच जाऊन बसलाय, आणि शेजारी हा तुझा लांबूडका जावई डोक्यात फूल घालून."

"मग वाढ ना काहीतरी त्याला."

"तेच तर म्हणतेय! मी म्हटलं, दादा, चहा टाकते. तर म्हणतो, चहा नको, मी तिसऱ्या कोर्सला उठलो होतो ना, तिथूनच वाढ. वहिनी, टॅक्सी कर आणि ये, येताना मशरूम घेऊन ये. अजून आठ कोर्स करायचेत गं मला!"